उज्ज्वलाच्या नावाचा दगड नको

जमलेल्या सगळ्यांना जय भीम, नमस्कार. बोलायला उभा राहिलोय. नुसत्या दुःखानं नाही. रागानं.

उज्ज्वला माझी धाकटी बहीण. अंबडच्या कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर. गेल्या आठवड्यातल्या स्फोटात ती गेली. शिकत असताना ती उत्तर ध्रुवाकडच्या एका ओसाड बेटावर जाऊन आली होती, हे फार जणांना माहीत नसेल. जमीन मंगळासारखी, म्हणून शास्त्रज्ञ तिथं यंत्रं तपासतात. तिथं अंतराळमोहिमांत जीव गेलेल्या अंतराळवीरांची स्मारकं आहेत. पुतळे नाहीत. दगडावर दगड, माणूस उभा असावा तसे. त्या बर्फाळ मुलखातले लोक वाट चुकू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या असेच दगड रचत आलेत.

ती परत आल्यावर मी विचारलं, "रडू आलं का गं तिथं?"

"नाही दादा, चीड आली. त्यातल्या काहींच्या वेळी इंजिनिअर आधीच धोका सांगत होते. कुणी ऐकलं नाही. आणि मग दगड रचले."

आणि इथं? "टाकीचा व्हॉल्व्ह अडकतोय, प्लँट बंद करा," असं तिनं मीटिंगमध्ये सांगितलं. एकदा नाही, दर मीटिंगला सांगितलं. उत्तर काय? "मॅडम, एवढी ऑर्डर जाऊ द्या, मग बघू." बघितलं? कुणी बघितलं?

त्या दुपारी प्रेशर वाढलं. हे संतोषभाऊ समोर बसलेत, हाताला बँडेज आहे. त्यांना तिनं ओरडून बाहेर काढलं. "भाऊ, पळा! सगळ्यांना घेऊन पळा!" आणि स्वतः मेन स्विच बंद करायला आत गेली. सगळे बाहेर आले. ती आली नाही.

काल कंपनीचे साहेब घरी आले. म्हणाले, "गेटवर मॅडमच्या नावाचा संगमरवरी स्तंभ उभारू." आईनं त्यांना चहा दिला. एकदम म्हणाली, "साहेब, ती जिवंत होती तेव्हा तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं का?" साहेबांनी चहा तसाच ठेवला.

साहेब, तुम्ही मागे बसलाय. ऐका. दुसरी टाकी अजून चालू आहे. व्हॉल्व्ह तसलाच आहे. ती आज बंद करा. तोवर तिच्या नावाचा दगड गेटवर आला, तर मी स्वतः उखडून टाकीन.

आता उज्ज्वलासाठी दोन मिनिटं उभं राहू या. पण त्या मीटिंगांमध्ये जे गप्प बसले होते, त्यांनी बसूनच राहावं. तुमचं मौन पाळून झालंय.