आउटबॉक्समध्ये अडकलेला राग

मंडळी, सावरून बसा! आज एकच प्रश्न विचारतो. राग मनात येणं आणि तो दुसऱ्याच्या दारात जाऊन पडणं – या दोहोंत अंतर किती असावं? बोला! हे पुढचे गृहस्थ म्हणतात, अंतर नकोच. आणि मागे त्यांच्या सौभाग्यवती हसतायत. म्हणजे अनुभव दांडगा!

तर ऐका. कऱ्हाडात दोन सख्खे भाऊ. थोरले त्र्यंबकराव घळसासी माडीवर, धाकटे भास्करराव खाली. मध्ये एक जिना – आणि त्या जिन्यावरून तीन वर्षांत दोघांचा एक शब्द गेला नव्हता! कारण? पाण्याची मोटर. टाकी वर, बटण खाली. एवढंच हो! पण बोलणं बंद म्हणजे भांडण बंद झालं का? छे! भांडण ईमेलवर! माडीवरचा टोमणा सातासमुद्रापार फिरून तळमजल्यावर उतरायचा. याला म्हणतात प्रगती!

आता त्र्यंबकरावांची मेल उघडायची रीत कशी? आधी ब्राउझर उघडा. मग पासवर्ड आठवा. तो चुकला की मोबाइलवर आकडा येणार, आणि मोबाइल स्वयंपाकघरात! तिथे त्यांच्या पत्नी सुमतीकाकू म्हणणार, "आलाच आहात तर चहा घ्या." चहा झाला की निम्मा राग पोटात! कितीतरी जळजळीत पत्रं अशी चहात विरघळली, मंडळी!

पण भास्कररावांची मुलगी ईश्वरी काकांची लाडकी. बापाचं भांडण तिला लागू नव्हतं, ती खुशाल वर-खाली करायची. काकांची धावपळ बघून तिनं त्यांच्या कॉम्प्युटरवर एक ॲप टाकलं. "काका, आता ब्राउझर नको, पासवर्ड नको. हे निळं पाकीट दाबलं की मेल समोर!"

पोरीनं केलं प्रेमानं. झालं काय? मेल आली की – टिंग! उत्तर गेलं की – सुर्र! चहा सुटला, पण राग सुटला का? छे हो, तोच तर उरला!

पुढे ईश्वरीचं लग्न ठरलं, मुहूर्त चारच दिवसांवर! भास्कररावांनी पत्रिकेचा मजकूर साऱ्या नातेवाइकांना मेलनं धाडला. टिंग! त्र्यंबकरावांनी वाचलं. निमंत्रकांत मुलीच्या मामाचं नाव वर, आणि सख्ख्या काकांचं त्याच्या खाली! झालं! बोटं सुटली. "माझं नाव काढावं. ज्याला भाऊ सांभाळता आला नाही, तो व्याही काय सांभाळणार?" दाबलं बटण!

आणि सुर्र आवाज आलाच नाही.

का नाही आला? खाली अंगणात मांडवाचे खड्डे खणत होते, त्यात इंटरनेटची केबल तुटली! ॲपनं कोपऱ्यात लिहिलं, 'नेट आल्यावर पाठवले जाईल.' किती आज्ञाधारक! एवढा तर मुलगासुद्धा ऐकत नाही!

त्र्यंबकराव सहज पत्त्याच्या रकान्यातली नावं वाचायला गेले आणि घामाघूम. उत्तर एकट्या भावाला नव्हतं – सगळ्यांना निघालं होतं! त्यात नवऱ्या मुलाचे वडील! खालून मांडववाला ओरडला, "जोडतोय हो, आत्ता येईल नेट!" त्र्यंबकरावांनी खटकन कॉम्प्युटरची वायर उपटली. पडदा काळा झाला. पण मग? सुरू केला की पत्र निघणार! स्वतःच्याच रागाला घाबरून कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस कधी पाहिलाय का? पाहिला असेल. आरशात!

हे काढायचं कसं, ते माहीत एकाच माणसाला. हाक मारावीच लागली. "ईश्वरी... जरा वर ये गं."

पोरगी हळदीच्या हातानं आली. काका म्हणाले, "एक मेल अडकलीय. काढ. पण वाचू नकोस."

"न बघता कशी काढू, काका?"

तिनं आधी नेट बंद केलं, मग कॉम्प्युटर सुरू करून आउटबॉक्स, म्हणजे न गेलेल्या पत्रांचा कप्पा, उघडला. आणि वाचलं. सगळं वाचलं. त्र्यंबकराव खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांना खिडकी दिसत नव्हती. वाटलं, आता रडेल, बोलेल, निघून जाईल. पण तिनं ते पत्र पुसून टाकलं.

दारात जाऊन वळली. "काका, हेच बाबांना तोंडी सांगाल? खालीच आहेत."

आणि गेली.

मंडळी, त्र्यंबकराव उठले. जिना उतरले – कठडा धरून, बरं का. भास्करराव अंगणात खांबाशी उभे होते. थोरला समोर बघून त्यांच्या हातातली दोरी सुटली. मघाशी तोफेसारखं धडधडलेलं ते वाक्य आठवायचा त्र्यंबकरावांनी पुष्कळ प्रयत्न केला. तोंडावर म्हणायला गेले आणि निघालं काय?

"भास्करा... हा खांब वाकडा रोवलायस."

"वाकडा नाही, दादा. तू तिरका उभा आहेस!"

लागलं की हो भांडण! तीन वर्षांचं उरलेलं सगळं, मोकळ्या अंगणात, मोठ्या आवाजात! शेजारी गच्चीवर आले. आणि भांडता भांडता धाकट्यानं थोरल्याच्या हातात दोरीचं टोक दिलं – "धर मग तूच!" – थोरल्यानं धरलं. लग्न लागेपर्यंत सोडलं नाही.

तुम्ही म्हणाल, बुवा, ॲप वाईट. नाही हो! ते बिचारं सांगितलेलं करतं. खोट पाठवणाऱ्यात! आत्तासुद्धा दोघा-तिघांचे खिसे थरथरलेत, मी बघतोय. द्या, उत्तर द्या! फक्त एवढं करा – जे लिहिलंत, ते त्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणता येईल का, ते आधी बघा. येत असेल तर जिना उतरा. येत नसेल तर... हात जोडा, मंडळी, आणि नाम घ्या. तेवढा वेळ तरी बोटं गुंतून राहतील!