नकाशावरचा पाऊस

अहो, माझ्या हातून एकदा पाऊस पडलाय, खोटं वाटेल तुम्हाला! लढाईच्या दिवसांतली गोष्ट. आमचे हे साताऱ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे आणि काम फार झालं की रंगवायला घरी आणायचे. त्या दिवशी मी पावसाचा नकाशा रंगवत होते. जास्त पाऊस तिथं गडद निळा, कमी तिथं फिका. तेवढ्यात वडूजकडची धनगरीण सखूबाई घोंगडी विकायला आली.

"आवं आक्का, आमचाच मुलूख असा पांढराफटक का वं?"

"तिकडं पाऊस नाही ना, म्हणून."

"त्ये आमास्नी ठावं हाय. पर कागदावर तरी पडू द्या की!"

मला इतकं वाईट वाटलं, की वडूजवर मी कुंचला दोनदा जास्तच फिरवला.

कचेरीतल्या साहेबांनी नकाशा पाहिला आणि वडूजला पाऊस भरपूर आहे म्हणून तिथं जायचा सरकारी चारा कोरेगावला पाठवून दिला.

पंधरा दिवसांनी सखूबाई पुन्हा दारात. चारा का आला नाही, ते मी खाली मान घालून सांगितलं.

"आक्का, लय पाऊस पाडलासा. आता वाईच पुसा, मेंढरं उपाशी हायती."