मुंगीच्या हाताची पट्टी

(दुपार. एका खोलीच्या घरात ओट्यापाशी दोन मित्र उभे आहेत, एक इस्त्रीवाला आणि एक शिंपी, ज्याला सगळे मास्तर म्हणतात. दुकान दोघांचं मिळून एकच. इस्त्रीवाल्याची पाच वर्षांची मुलगी मुंगी पलंगाखाली बसली आहे.)

इस्त्रीवाला : खरं सांगू मास्तर, मी तुला बोलावणारच नव्हतो. म्हटलं, हसशील.

मास्तर : आधी घाबरलो, आता हसतो. मला वाटलं पोरीला ताप भरला. दुकानाचं शटर तसंच ओढलं आणि पळत आलो. झालंय काय?

इस्त्रीवाला : ताप नाही. पट्टी भिजली. बाहुलीला अंघोळ घालत होती बादलीत. आणि घालताना हात कुठला, तर भाजलेला.

मास्तर : मग बदल की.

इस्त्रीवाला : रोज हिची आई बदलते. ती आज कामावर गेली, हिला भाजल्यापासून पहिल्यांदाच. जाताना सगळं घोकून घेतलं माझ्याकडून. हात साबणाने धू. पाणी उकळून कोमट कर. मलम डॉक्टरांनी दिलंय तेच लाव, दुसरं काही नाही. फोडाला टोचू नकोस. मी मान हलवली. आणि आता ही पलंगाखाली.

मास्तर : आणि तू ओट्याआड.

इस्त्रीवाला : तू कर ना रे. तुझा हात हलका आहे. दिवसभर सुईत दोरा ओवतोस.

मास्तर : आणि तू? मलमलीवरून इस्त्री फिरवतोस, एक डाग पडत नाही.

इस्त्रीवाला : मलमल रडत नाही. आणि माझंच बघून केलं ना तिने. इस्त्री तापली का बघायला मी बोट थुंकीने ओलं करतो, टेकवतो, चर्र वाजलं की झालं. रोज तिच्यासमोर. तिनेही बोटं ओली केली. पण टेकवून उचलायचं असतं, हे तिला कोण सांगणार? बोटं ठेवलीच तिने.

मास्तर : मी तिथेच होतो. पुढचंही बघितलं. एका झेपेत नळाखाली नेलंस तिला. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावल्या...

इस्त्रीवाला : तर हिची आई म्हणते, काकू, बोटांना दात नाहीत हो.

मास्तर : मी बर्फ आणायला निघालो, तर मलाही झापलं. साधं नळाचं पाणी, तेही बराच वेळ. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले ना, वेळेवर पाणी घातलंत म्हणून इतक्यावर निभावलं. ते पाणी कोणी घातलं?

इस्त्रीवाला : ते घाईत झालं. घाईत माणूस काहीही करतो. आज विचार करायला वेळ आहे, तीच पंचाईत. ऐक ना, संध्याकाळपर्यंत राहू दे का तशीच? आई येईलच.

मास्तर : दमट कपड्याची घडी घालून ठेवतोस कधी?

इस्त्रीवाला : नाही. कुबट वास लागतो.

मास्तर : कापडाला वास लागतो. पोरीच्या हातात पू होईल. मग बस डोकं धरून. चल. मुंगे, ए मुंगे!

मुंगी : मी इथे नाहीये.

मास्तर : बरं. मग तिथे कोण आहे?

मुंगी : मांजर.

मास्तर : मांजराच्या पंजाला पट्टी आहे का?

मुंगी : आहे. पण ओली नाहीये.

मास्तर : वा. मग मी करू का मांजराची पट्टी?

मुंगी : नको. मास्तरकाका टाचणी टोचतात. फ्रॉकचं माप घेताना टोचली होती.

मास्तर : आता बोल. मी तर बाद झालो. मग बाबा करेल.

मुंगी : बाबा पण नको. बाबा मोरीत जाऊन रडतो.

इस्त्रीवाला : ते... डोळ्यात साबण गेला होता बाळा.

मुंगी : रोज?

मास्तर : घे. आता तरी हात धू. आणि अंगठी काढ आधी.

इस्त्रीवाला : मुंगी, ये बघू. आज नाही रडणार मी. तू मात्र रड, तुला चालतं.

मुंगी : बाहुलीला मांडीवर घेऊन बसू?

इस्त्रीवाला : बस. हात इथे, धुतलेल्या टॉवेलवर. शाब्बास. हे सुटलं, हे पण सुटलं... मास्तर, मधल्या बोटाला चिकटलीय रे. तिथवर पाणी पोचलं नाही, वाळून बसलीय. एका झटक्यात ओढतो, एकदाचं काय ते होऊन जाईल.

मुंगी : नको बाबा, नको!

मास्तर : थांब. खळीची चादर घडीत चिकटली की काय करतोस?

इस्त्रीवाला : पाणी शिंपडतो.

मास्तर : आणि?

इस्त्रीवाला : थांबतो. दे ती कोमट पाण्याची वाटी.

मुंगी : बाबा, तुझं बोट का नाही भाजत?

इस्त्रीवाला : भाजतं की. सवय झालीय, म्हणून ओरडत नाही एवढंच.

मुंगी : मग कशाला लावतोस?

इस्त्रीवाला : वेडेपणा. आता पाण्याचा थेंब टाकून बघेन. तू मात्र इस्त्रीपासून लांब. आणि बघ, सुटली आपोआप. कळलं तरी का तुला?

मास्तर : अरे, फोड फुटलाय.

इस्त्रीवाला : हं. मी नाही फोडला, आपला आपण फुटला. वरची साल तशीच राहू दे, ओढायची नाही म्हणालेत डॉक्टर. पण कडेला लाल दिसतंय रे.

मास्तर : ही पेनची रेघ कसली?

इस्त्रीवाला : काल हिच्या आईने काढली, लालीच्या कडेकडेने. म्हणाली, लाली रेघेबाहेर सरकली, पू दिसला, घाण वास आला, नाहीतर अंग तापलं, तर सरळ दवाखाना गाठ. माझी वाट बघत बसू नकोस.

मास्तर : मग बघ.

इस्त्रीवाला : तू बघ ना.

मास्तर : बाप कोण?

इस्त्रीवाला : ...खिडकीकडे वळव गं हात. असा. आतच आहे. मास्तर, रेघेच्या आतच आहे. उलट इकडे थोडी मागेच आलीय. बघ ना तू पण.

मास्तर : दिसतंय मला. वास?

इस्त्रीवाला : नाही. पू पण नाही. कपाळ गार आहे.

मास्तर : मग श्वास सोड आता. निळा पडशील.

इस्त्रीवाला : मुंगी, आता कोमट पाणी आणि जरासा साबण. पुसायचं नाही, टिपायचं. हे मलम. ही न चिकटणारी जाळी. बोटं वेगवेगळी गुंडाळायची, नाहीतर एकमेकांना चिकटतील.

मुंगी : आई पटकन बांधते. तू किती हळू बांधतोस.

इस्त्रीवाला : दुखलं का?

मुंगी : थोडं. तू खरंच नाही रडलास.

इस्त्रीवाला : घाम आला फक्त.

मुंगी : आता बाहुलीला पण बांध. तिचं पण सगळं अंग भिजलंय.

मास्तर : तिचं मी बघतो, मला दे. टाचणी नाही गं, रिकामे आहेत माझे हात. का रे, उद्याही वहिनी कामावर जाणार ना? उद्या दुकान बंद ठेवायचं की अर्धा दिवस?

इस्त्रीवाला : तू वेळेवर उघड. मी हिची पट्टी बांधून येतो. माझा मीच बांधेन मास्तर, शब्द देतो तुला.