प्रमुख पाहुण्यांचं उपरणं

सत्काराचा विषय निघालाच आहे तर ऐका. गणपतीला आमच्या न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या मंडळाने इथल्या एका कंट्री म्युझिक गायकाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. एवढा प्रसिद्ध, की कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे किराणा दुकानातही, त्याचंच गाणं लागलेलं असतं, आणि आला मात्र पायात साध्या रबरी जँडल्स घालून, हातात घरी केलेला केक.

जेवणं झाल्यावर अध्यक्ष जोशीकाकांनी त्याच्या खांद्यावर पांढरं उपरणं घातलं, नारळ दिला, टाळ्या झाल्या. "आता पाहुणे दोन शब्द बोलतील," असं म्हणून मी माइकवरून वळलो, तर पाहुणे गायब!

गिटार तिथेच, हॅट तिथेच. मी पार्किंग पाहिलं, टॉयलेट पाहिलं. आपलं काही चुकलं का? तेवढ्यात किचनमधून बायको ओरडली, "अहो, हे काय करतायत बघा!"

तो सिंकपाशी उभा राहून आमच्या वाट्या पुसत होता. त्याच उपरण्याने. नारळ खिडकीत.

"सर, प्लीज! तुम्ही चीफ गेस्ट आहात!"

"मग?" तोच गोंधळला. "आमच्या गावच्या हॉलमध्ये जेवणानंतर कुणी खांद्यावर फडकं टाकलं, की पुसायची पाळी आपली."

एवढ्यात जोशीकाका धावत आले. घरी चहाचा कपही न विसळणारा माणूस, आणि खांद्यावर तसंच उपरणं! ते पाहून गायक खूश झाला. बाजूला सरकून त्याने काकांना सिंकपाशी जागा करून दिली.

"बरं झालं आलास. तू धू, मी पुसतो."

काकांनी भांडी धुतली हो! काकूंनी तेव्हाचा फोटो फ्रेम करून घेतलाय.