फानकाकांची अंत्ययात्रा

आदरणीय अध्यक्षा श्रीमती कुआंग, नगराच्या संस्कृती कार्यालयातून वेळ काढून आलेले पाहुणे, व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला बसलेले माझे जोडीदार श्री. फान बाओशान, आणि समोर कलिंगडाच्या बिया फोडत बसलेल्या माझ्या तिआनजिनकर मायबापांनो,

आपण मला निरोपाची शाल दिलीत, माझ्याविषयी इतकं चांगलं बोललात, की क्षणभर वाटलं, मी वारलो की काय! असो. या चहागृहाच्या मंचावर त्रेचाळीस वर्षं तुम्ही मला पोसलंत. शहाणपण सांगायला उभा राहिलेलो नाही. एक जुनी गोष्ट सांगतो आणि बसतो.

दोघांनी मंचावर उभं राहून विनोदी संवाद करायचे, हा आमचा धंदा मोठा अजब. बाहेर कुणाचा बाप काढला तर दात पडतील. मंचावर जोडीदाराचा बाप काढला तर टाळ्या पडतात. आम्हा दोघांचा सगळ्यांत गाजलेला प्रसंग कोणता? बरोबर, तिकडून आवाज आलाच. बाओशानच्या वडिलांची अंत्ययात्रा! मी यात्रेचा थाट ठरवायचा, सनईवाले किती, रडायला भाड्याच्या बायका किती, मेलेल्याला परलोकी वापरायला म्हणून जाळायचे कागदाचे घोडे किती. आणि ज्यांची यात्रा ते फानकाका शनिवारी दुपारी इथेच, तिसऱ्या रांगेत, चहा भुरकत बसलेले! सायकलच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस. मध्येच उभे राहून ओरडायचे, "घोडा कशाला रे मेल्या? मला सायकल द्या, सायकल! आणि घंटी वाजते का बघून घ्या!" सभागृह डोक्यावर घ्यायचे लोक. मी लिहिलेल्या कुठल्याही वाक्याला एवढा हशा आला नाही, हे आज कबूल करायला हरकत नाही.

अकरा वर्षांपूर्वी फानकाका खरोखरच गेले. आठव्या दिवशी शनिवार होता. बाओशान दंडावरची सुतकाची काळी पट्टी काढून, मंचावरचा झगा चढवून वेळेवर हजर. फलकावर तोच प्रसंग लिहिलेला. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि त्याला न विचारता, उभ्या उभ्या, कापडविक्याचा प्रसंग सुरू केला. बाओशाननं एक शब्दही न चुकता मला सांभाळून घेतलं.

आत गेल्यावर तो झग्याची बटणं सोडत म्हणाला, "दादा, तू आज माझ्या बापाला घराबाहेर काढलंस."

मी म्हटलं, "अरे, सुतकात तुझ्या तोंडावर तिरडी कशी बांधू? माणूस आहे मी!"

"आठ दिवस घरात सगळे कुजबुजताहेत. त्यांचं नाव कोणी तोंडातून काढत नाही. मला वाटलं होतं, इथे तरी कोणी मोठ्यानं घेईल. त्यासाठीच आलो होतो मी."

त्यानंतर तो प्रसंग आम्ही कधीच केला नाही. त्यानंतर बाओशाननं मला कधी 'दादा'ही म्हटलं नाही. 'शांगसाहेब, तुम्ही.' अकरा वर्षं, रोज मंचावर एका टेबलाशी, आणि आत गेलो की 'शांगसाहेब, तुम्ही.' तुम्हाला ते कळलं नाही, कारण मंचावर त्यानं कधी कसर ठेवली नाही.

मी मात्र ही हकिगत सगळ्यांना सांगत सुटलो. वर्तमानपत्रानं छापलं, की विनोदी नटालाही काळीज असतं. मी ते कात्रण चौकटीत घालून भिंतीवर लावलं! आता जायची वेळ आली, तेव्हा खरं सांगून जातो. ती दया नव्हती हो. मी घाबरलो होतो. काका नाहीत, म्हणजे हशा येणार नाही, हे मला त्या क्षणी दिसलं. माझ्या वाक्यावर हे सभागृह गप्प राहील, या एका भीतीपोटी मी त्याचं दुःख गिळून बसलो. माझी लाज राखायला मी त्याचा बाप वापरला, आणि वर नाव दिलं माणुसकी.

अध्यक्षबाईंचे, पाहुण्यांचे, चहा देणाऱ्या ताईंचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मायबाप पोटात घालतील. तुम्ही माझं पुष्कळ घातलं आहे. पण ही चूक तुमच्याकडून माफ करून घेण्याजोगी नाही.

बाओशान, तुझी माफी मागतो. घाई करू नकोस. त्रेचाळीस वर्षं माझ्या प्रत्येक वाक्यामागे "बरोबर" म्हणायचं, हेच तुझं काम होतं, आणि तू ते डोळे मिटूनही करशील. हे एक वाक्य तसं नाही. याला सवयीनं काही म्हणू नकोस.