मुडदुशीचं तोंड केवढं?

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आपण आपल्याच माणसाला दुखवतो, ते प्रेम कमी पडतं म्हणून? की प्रेम असतं मापटंभर, पण ते द्यायचं कसं हेच कळत नाही म्हणून? बोला की! हे समोरचे काका म्हणतात, "बुवा, तुम्हीच सांगा." बरं! सांगतो. गोष्ट आहे माशाची.

नाक मुरडू नका! कीर्तनात मासा कसा, असं ज्यांच्या मनात आलं त्यांना विचारतो — नारायणाचा पहिला अवतार कुठला? हां! झाले गप्प!

तर गडहिंग्लजच्या बाजारात नरहरी तांडेल नावाचा गृहस्थ होता. घराणं मूळचं किनाऱ्यावरचं, पण आजोबा घाट चढून गेले आणि सुक्या मासळीचं दुकान टाकून बसले. नरहरीचा जन्म मासे विकण्यात गेला — पण जिवंत मासा हाती धरलेला नाही! बोंबील सुका, बांगडा खारवलेला. समुद्राशी नातं काय? मिठापुरतं!

त्याची बायको शेवंती. तिचं माहेर वेंगुर्ल्याकडं, थेट वाळूला लागून. लग्न होऊन घाटावर आली आणि दुकान, सासूचं आजारपण, मुलांच्या शाळा यांत बुडाली. माहेरी गेली ती लग्नाला नाहीतर मयताला. सकाळी जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. घराच्या मागे समुद्र गाजतोय, पण पाय भिजवायला सवड नाही! कधी म्हणाली, "चार दिवस राहू या का हो?" तर नरहरी म्हणायचा, "पुढच्या खेपेला." वाईट होता का तो? मुळीच नाही! सणाला साडी, बोटात अंगठी, घरात फ्रिज. काही कमी केलं नाही बिचाऱ्यानं.

आणि एक दिवस शेवंतीची डावी बाजू गेली. अर्धांग! डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. नरहरीनं दुकान मुलावर सोपवलं आणि तिला माहेरी, तिच्या भावाकडे, भिवाकडे आणलं. खिडकीशी खाट टाकली. ती पडून राहायची आणि ऐकायची. जेवण नको, बोलणं नको.

एका दुपारी म्हणाली, "मुडदुशी खाईन. बाजारातली नको. गरीवरची."

गरी म्हणजे गळ. मुडदुशी म्हणजे किनाऱ्यालगत फिरणारा वीतभर, चांदीसारखा मासा. तुम्हाला काय सांगायचं! तोंडाला पाणी सुटलं ना? गिळा!

भिवा म्हणाला, "आता गरी कोण टाकता? जाळी आसत मा!"

नरहरी म्हणाला, "मी आणतो."

"भावोजींनू, ह्या तुमचा काम न्हय!"

पण नरहरी हट्टाला पेटला. वेंगुर्ल्याला दुकानात गेला आणि दांडी घेतली, रीळ घेतलं. गळ कुठला? "सगळ्यात मोठा द्या!" शिसं कुठलं? "सगळ्यात जड द्या, लांब गेलं पाहिजे!" वर एक लखलखता खोटा मासा — डोळे रंगवलेला, पोटात वजन घातलेला! का? तर दुकानदार म्हणाला, भारी आहे.

रोज संध्याकाळी नरहरी गुडघाभर पाण्यात उभा. सगळी ताकद लावून फेकायचा. शिसं दूर जाऊन धप्पकन पडायचं आणि वाळूत रुतायचं. खेकडे आमिष खाऊन जायचे. एकदा दोरा तुटला, एकदा लाटेनं हाच आडवा झाला. मासा? नाव नको! आणि इकडे शेवंती खिडकीतून वाट बघतेय.

शेवटी एकदा ओलेता, हिरमुसला परत आला, तेव्हा ती म्हणाली, "गरी दाखवा बघू."

त्यानं दाखवली. आणि मंडळी, शेवंती हसली! आजारपणानंतर पहिल्यांदा हसली. "अहो, ही मुडदुशीला की मगरीला? तिचं तोंड केवढं? माझ्या करंगळीच्या नखाएवढं! बारीक गरी लावा."

"आणि शिसं?"

"एवढं जड कशाला?"

"लांब जायला."

"लांब कोण बोलावतंय? लाट फुटते, वाळू ढवळते, तिथेच ती किडे वेचत असते. तुमच्या पायाशी! पाण्याला ओढ असेल तेवढंच शिसं. समुद्र शांत तर हलकं, खवळला तर थोडं वाढवायचं. वाळूवरून हळू सरकलं पाहिजे. रुतता नये, वाहता नये."

"आणि हा मासा?"

"तो धावून शिकार करणाऱ्या माशांना. मुडदुशीला सुंगटाचा, कोळंबीचा तुकडा पुरे."

नरहरीनं तो खोटा मासा खाली ठेवला. "इतक्या वर्षांनी तुला हे सगळं आठवतं?"

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "विसरायला सोडलं कधी? रोज टाकत होते की. तिकडे घाटावर, दिवे लागायच्या वेळी, चुलीपुढे बसून. बाबांच्या शेजारी उभी आहे, दोरा बोटावर आहे... तेवढाच माझा समुद्र."

"तू मला कधी बोलली नाहीस, शेवंता."

"बोलले होते."

एवढंच! भांडण नाही, रडणं नाही. नरहरीनं मात्र तिथल्या तिथं तो मोठा गळ दोऱ्यावरून सोडवला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर त्यानं भिवाला हाक मारली. दोघांनी तिला खुर्चीसकट उचललं आणि ओल्या वाळूवर नेऊन ठेवलं. नरहरीनं बारीक गरी बांधली, हलकं शिसं लावलं, जवळच टाकलं, आणि दोरा तिच्या उजव्या हाताच्या बोटावर दिला. लाट आली, तिचे पाय भिजवून गेली. डाव्या पायाला काही कळलं नसेल. उजव्याला कळलं! तिनं डोळे मिटले.

"आमिष टोचतेय..." ती हळूच म्हणाली. "थांबा... अजून नाही... ओढा!"

आली! वीतभर, तडफडती, उतरत्या उन्हात चमकणारी! नरहरीनं जन्मात पहिल्यांदा जिवंत मासा हातात धरला — आणि रडला तो! ती हसतेय आणि हा रडतोय!

त्या रात्री शेवंतीनं स्वतःच्या हातानं काटे काढून मुडदुशी खाल्ली. मग रोज संध्याकाळी दोघं वाळूवर. कधी मासा मिळे, कधी न मिळे. तिला फरक नव्हता. पावसाळ्याच्या तोंडाला समुद्र खवळला आणि त्याच दिवसांत ती गेली.

नरहरी घाटावर परतला, पण दुकानात मन रमेना. आता दर महिन्याला उतरतो खाली. भिवा जाळ्यातली मुडदुशी देऊ करतो, हा घेत नाही. ओल्या वाळूवर उभा राहतो, बोटावर दोरा धरतो, शेजारी जागा सोडतो. जी ओढ ती चुलीपुढे एकटीनं सोसत होती, ती आता त्याच्या वाट्याला आली आहे. आणि त्याला "बोलले होते" म्हणणारंही कुणी नाही.

मंडळी, प्रेम कमी होतं का नरहरीचं? नव्हतं! मोठा गळ, जड शिसं, लांब फेक. आणि जिला हवं होतं ती पायाशी! तुमचं काय? नव्या टीव्हीच्या गोष्टी मला सांगू नका! तुमच्या घरातल्या माणसाला काय हवंय, ठाऊक आहे? तिकडे बायकांच्या बाजूला बसली आहे ती. हो, तुमचीच! इकडे बघू नका, तिकडे बघा! प्रसाद घेऊन घरी निघालात की वाटेतच विचारा, "तुला काय हवं होतं गं?"

आणि ती बोलायला लागली, की देवाची शपथ आहे तुम्हाला — मध्ये बोलू नका.