निळं राहिलं ते

धाकटी : ग्लास मी धरते म्हटलं ना. घरी बाबांना गुळण्या मीच देते.

ताई : घरी दे. या खोलीत माझं चालतं. शिवाय तू हातमोजे घातलेले नाहीस.

धाकटी : आली मोठी डॉक्टरीण. अजून शिकतेच आहेस, दारावरची पाटी मोठ्या डॉक्टरांची आहे.

बाबा : भांडा खुशाल. शिंपी बसलाय आ करून, त्याला कोण विचारतो.

ताई : बाबा, आधी या आंबट पाण्याने चूळ भरा. हं, थुंका. आता हे निळं. तोंडभर फिरवा, गिळू नका.

धाकटी : शाईच की ही.

ताई : शाईच समज. परत आंबट पाण्याने धुतलं की चांगल्या जागेवरून निघून जाते, संशयाच्या जागी चिकटून बसते. एकदा कॅन्सर झालेल्या तोंडात दुसरा नवा होऊ शकतो. तो लहान असतानाच हाती लागावा, म्हणून दर तीन महिन्यांनी हा उद्योग.

बाबा : (थुंकून) आम्ही कापायच्या आधी खडूने खूण करतो, तसंच. मोठीने माझाच धंदा उचलला बघ.

धाकटी : हो तर. दुकानात रोज काजं-बटणं मी करायची आणि धंदा मोठीने उचलला.

ताई : किती जळशील गं?

धाकटी : ऑपरेशननंतर नळीतून दूध कोण भरवत होतं? मी. आणि येणारा-जाणारा काय म्हणतो? थोरली होती म्हणून वाचलात. मी काय तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर होते?

ताई : कॅलेंडर गप्प असतं. सरक, उजेड येऊ दे. बाबा, आ करा. अजून मोठा.

(ताई बाबांना दोनदा आंबट पाण्याने चूळ भरायला लावते आणि गाल ओढून पुन्हा आत बघते.)

धाकटी : काय गं?

ताई : उजव्या गालाच्या आत, मागच्या बाजूला. दोनदा धुतलं तरी निळंच आहे.

बाबा : ते होय. काल जेवताना गाल दाताखाली आला.

ताई : कालच ना? नक्की?

बाबा : बाप खोटं बोलेल का तुझ्याशी?

ताई : मग ठीक आहे. ताज्या जखमेवरही रंग बसतो. पंधरा दिवस जाऊ देत, मग परत बघू. तेव्हाही राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवू. उतरा आता.

धाकटी : ताई.

ताई : घे बाई तो ग्लास, विसळून ठेव.

धाकटी : गाल काल नाही चावला.

बाबा : चिमणे, गप.

धाकटी : कधीपासून डावीकडूनच जेवतात ते. चहा पार गार करून पितात. मी विचारलं तर म्हणाले, तुझ्या-माझ्यात ठेव.

बाबा : हिची परीक्षा तोंडावर आलीय. कशाला हिच्या जिवाला घोर, म्हटलं.

ताई : आणि तू ठेवलंस? अगं, तुला कळत नाही?

धाकटी : कळतं. पण रिपोर्ट तुझ्याकडे, डॉक्टरांचे फोन तुला, बाबांचं सगळं आधी तुला. एवढी एकच गोष्ट होती, जी मला सांगितली आणि तुला नाही. सोडवेना मला ती.

ताई : मला ते काय सांगतात, माहितीये? ‘सगळं झकास, डॉक्टरीणबाई.’ दर वेळी एवढंच. तुम्ही दोघं दुकानात खिदळत असता, मी आत आले की दोघं सरळ बसता.

धाकटी : म्हणजे तूपण जळतेस?

ताई : बाबा, उतरू नका. मोठ्या डॉक्टरांना बोलावते. तुकडा आजच काढायला सांगते.

बाबा : बरं. बसतो.

ताई : कागदावर लिहावं लागेल, किती दिवसांपासून ते. यांना नाही विचारत मी. तू सांग.

धाकटी : बावीस. आजचा धरून.